ॲप नंतर, आधी रात्री फोन कोण उचलणार ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा: दोन इंजिनिअर आणि एक परिचारिका मिळून बाळंतपणानंतर आयांना आधार देणारी डिजिटल आरोग्यसेवा सुरू करायची म्हणतात. मूडची नोंद, स्तनपानाचा सल्ला, व्यायामाचे व्हिडिओ, लसींच्या तारखा, आयांचा गट आणि सगळ्यावर एक एआय चॅटबॉट, असं सारं एकाच ॲपमध्ये आणायचा बेत आहे. पहिल्या सहा महिन्यांत काय बांधावं, पैसे कोण देईल आणि माणसं कुठे फसतात, हे त्यांना हवंय.

मी बरीच वर्षं प्रसूतिविभागात काढली आणि आता अशा सेवांची वैद्यकीय बाजू सांभाळते. माझं म्हणणं एवढंच: त्या यादीतल्या पाच गोष्टी बाजूला ठेवा आणि एकच धोका निवडा. त्या धोक्याचा इशारा आला की कोणतं माणूस, किती मिनिटांत, काय करणार, हे एका पानावर लिहून काढा. ते पान भरता येत नसेल तर कोडची एक ओळही लिहू नका. पडद्यावर जे दिसतं ते या धंद्यातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सोपं काम आहे.

एकच धोका का, हे कळायला बाळंतिणीचं कॅलेंडर समोर ठेवा. पहिल्या २४ तासांत भीती असते ती रक्तस्रावाची. रक्तदाब बहुधा तिसऱ्या ते सहाव्या दिवसांत सर्वांत वर चढतो, म्हणजे नेमका बाई घरी पोचल्यावर. दूध उतरून छाती दगडासारखी होण्याचे दिवसही साधारण तेच. विनाकारण रडू येणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. ओसरलं नाही तर नैराश्याची शंका घ्यायची, आणि नैराश्य तर वर्षभरात केव्हाही डोकं वर काढतं. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका पहिले सहा आठवडे ठळक असतो. लघवी न थांबणं, कंबर धरणं, शरीरसंबंधाच्या वेळी दुखणं ही महिनोन्महिने चालणारी आणि कुणापाशी न बोलली जाणारी दुखणी. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाठिंब्याने २०२३ च्या अखेरीस आलेल्या आढाव्यात म्हटलंय की दरवर्षी किमान ४ कोटी स्त्रियांना बाळंतपणामुळे दीर्घकाळ टिकणारा त्रास होतो. शरीरसंबंध दुखणं ३५ टक्के, कंबरदुखी ३२ टक्के, लघवीवर ताबा नसणं ८ ते ३१ टक्के.

या प्रत्येक दुखण्याची वेळ वेगळी, ते हाताळणारं माणूस वेगळं आणि चूक झाली तर होणारं नुकसानही वेगळं. चौथ्या दिवशीचा रक्तदाब तासाभरात जीव घेऊ शकतो. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडले तर फिजिओथेरपिस्टची भेट पुढच्या आठवड्यात झाली तरी चालतं. दोन्हींना एकाच ॲपच्या दोन टॅबमध्ये बसवलंत की दोन्हींसाठी तुमची यंत्रणा सारख्याच वेगाने धावेल, आणि तो वेग कुठल्या तरी एकीसाठी चुकीचा असेल.

निवडायचं कसं? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या शिफारशींत प्रसूतीनंतर किमान चार तपासण्या सांगितल्या आहेत: पहिल्या २४ तासांत, मग ४८ ते ७२ तासांत, ७ ते १४ दिवसांत आणि सहाव्या आठवड्यात. तुम्ही जिथे काम करणार तिथे यातली कोणती भेट सगळ्यात जास्त हुकते ते शोधा. बहुतेक ठिकाणी पहिली होते, कारण बाई दवाखान्यातच असते. मधल्या दोन हुकतात. टाके ओले, बाळ दर दोन तासांनी उठतंय, आणि दवाखान्यात जाऊन रांगेत बसायचं, कोण जाईल? तुमची सेवा त्या हुकलेल्या भेटीची जागा घेऊ शकत असेल तरच तिला अर्थ आहे.

याचं मला आवडणारं उदाहरण फिलाडेल्फियातलं आहे. तिथल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या डॉक्टरांनी गरोदरपणात रक्तदाब वाढलेल्या बायकांना घरी जाताना बीपीचं यंत्र दिलं आणि दोन आठवडे दिवसातून दोनदा साध्या एसएमएसने आकडा मागवला. डाउनलोड काही नाही, पासवर्ड नाही. आकडा पाठवला की ठरवून ठेवलेलं उत्तर लगेच जायचं, आणि आकडा धोक्याचा असेल तर डॉक्टरला कळायचं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत पहिल्या १० दिवसांत रक्तदाबाची नोंद मिळण्याचं प्रमाण एसएमएसच्या गटात ९२ टक्के होतं, तर दवाखान्यात बोलावलेल्या गटात ४४ टक्के. तंत्रज्ञान म्हणाल तर त्यात गुंतवणूकदाराला दाखवावं असं काहीच नाही. पण एक धोका, एक आकडा, एक ठरलेला कालावधी आणि पलीकडे जागं असलेलं माणूस, एवढं त्यात आहे. तुमच्या पहिल्या आवृत्तीने याहून जास्त काही करायचं असेल तर कारण सांगता आलं पाहिजे.

तुमच्या प्रश्नाचा सूर बघता तुम्ही मानसिक आरोग्य निवडाल असं वाटतं. निवडा, पण आधी हा हिशेब करा. नैराश्य चाळून पाहायला जगभर वापरली जाते ती एडिनबरा प्रश्नावली. कॉक्स, होल्डन आणि सागोव्स्की यांनी १९८७ मध्ये मांडलेली. मागच्या ७ दिवसांबद्दल १० प्रश्न, गुण ० ते ३०. अनेक अभ्यासांतली मूळ माहिती एकत्र करून २०२० मध्ये झालेल्या विश्लेषणात ११ गुणांची रेषा धरल्यावर खऱ्या नैराश्यापैकी साधारण ८१ टक्के सापडतं आणि नैराश्य नसलेल्यांपैकी ८८ टक्के बरोबर वगळल्या जातात, असं दिसलं. आता १००० बायका घ्या आणि त्यांतल्या १०० जणींना नैराश्य आहे असं धरा. ८१ सापडतील, १९ निसटतील. उरलेल्या ९०० पैकी १२ टक्के, म्हणजे १०८ जणींना नैराश्य नसतानाही लाल खूण लागेल. म्हणजे १८९ जणींशी कुणीतरी माणसाने बोलायचं आहे. एकीला अर्धा तास धरला तर जवळजवळ ९५ तास, आणि हा फक्त पहिला फोन. त्यापुढे उपचाराला जागा हवी. मी पाहिलेल्या बहुतेक सादरीकरणांत हे तास कुठल्याच स्लाइडवर नसतात. तिथे ‘स्क्रीनिंग’ हा हिरवा डबा असतो आणि त्यातून बाण थेट ‘बऱ्या झालेल्या माता’ या डब्यात जातो.

याच प्रश्नावलीचा शेवटचा, दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. तिथे ‘कधीच नाही’ सोडून काहीही उत्तर आलं की एकूण गुण कितीही कमी असोत, माणसाने त्याच दिवशी बोललं पाहिजे. सॉफ्टवेअर बांधणारे हमखास बेरीज तपासतात आणि हा एक प्रश्न त्या बेरजेत बुडवून टाकतात. रात्री दोनला असं उत्तर आलं तर काय? तुमच्याकडे रात्रपाळी नसेल तर तो प्रश्न रात्री दाखवू नका. हे हास्यास्पद वाटेल, पण ज्या प्रश्नाचं उत्तर ऐकायला कुणी नाही तो विचारण्यापेक्षा हे बरं. तातडीच्या मदतीचा क्रमांक मात्र पडद्यावर चोवीस तास असायलाच हवा. आणखी एक: या प्रश्नावलीचे हक्क ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायकायट्रिस्ट्सकडे आहेत. ॲपमध्ये टाकायची तर लेखी परवानगी काढा, आणि भाषांतर स्वतः करू नका; त्या भाषेत पडताळलेलं भाषांतर आणि त्याची रेषा वापरा.

प्रसूतीनंतरचा सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटणारा गंभीर मानसिक आजार, हजारात एक-दोघींनाच होतो, पण कुठलीही नैराश्याची प्रश्नावली त्याला भरवशाने पकडत नाही. झोप नसूनही थकवा नाही, अखंड बोलणं, घरच्यांवर किंवा बाळाबद्दलच विचित्र संशय, हे बाईच्या आधी घरच्यांना दिसतं. म्हणून आईने परवानगी दिली तर घरातल्या एका माणसासाठीही एक दार ठेवा. त्याला तिचे गुण किंवा नोंदी दिसायला नकोत. त्याला फक्त ‘मला काळजी वाटते’ एवढं कळवता यावं.

उपचाराच्या बाजूला सगळे डॉक्टरच लागतात असं मुळीच नाही. पाकिस्तानात ग्रामीण भागातल्या आरोग्यसेविकांना विचार आणि वागणूक बदलण्याच्या साध्या पद्धती शिकवून आतिफ रहमान आणि सहकाऱ्यांनी केलेली चाचणी २००८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. बाळ ६ महिन्यांचं होईपर्यंत या सेविकांच्या गटात २३ टक्के आयांना नैराश्य उरलं होतं, दुसऱ्या गटात ५३ टक्के. त्या सेविका नेहमीच्या घरभेटी देणाऱ्याच होत्या, मानसोपचारतज्ज्ञ नव्हत्या. डिजिटल सेवेने खरं तर अशा माणसाचा वेळ वाचवावा: कुणाकडे आधी जायचं, मागच्या वेळी काय बोललो, पुढे कधी. त्या सेविकेसाठी बांधलेला पडदा आईसाठी बांधलेल्या पडद्याइतकाच महत्त्वाचा आहे, आणि तो नेहमी सगळ्यात शेवटी, घाईत बांधला जातो.

आता आईच्या पडद्याकडे. एका हातात बाळ, दुसऱ्या हाताचा अंगठा, अर्धवट झोप, मंद उजेड. लांब फॉर्म, ‘ओटीपी पुन्हा पाठवा’, पाच टॅब यातलं काही टिकत नाही. नोंदणी बाळंतपणाआधीच, आठव्या-नवव्या महिन्यात उरकून घ्या. प्रसूतीनंतर कुणाला तुमच्या अटी वाचायला सवड नसते. वाचायला न येणाऱ्या, किंवा त्या क्षणी वाचवत नसलेल्या बाईसाठी आवाज हवा. दक्षिण आफ्रिकेच्या आरोग्य खात्याचं ‘मॉमकनेक्ट’ २०१४ मध्ये सुरू झालं ते साध्या फोनवर, दवाखान्यातच नोंदणी करून आणि संदेशांबरोबर प्रश्न विचारायची सोय देऊन; व्हॉट्सॲप त्यात नंतर आलं. देशभर पोचायचं तर आधी खालच्या दर्जाच्या फोनवर चालून दाखवावं लागतं.

फोन तिचा एकटीचा आहे असं गृहीत धरू नका. कुलूप लावलेल्या पडद्यावर ‘तुमची नैराश्याची चाचणी बाकी आहे’ अशी सूचना झळकली तर एखाद्या घरात तेवढ्यावरून भांडण पेटेल, कुठे मारहाणही होईल. सूचनेचा मजकूर कोरा ठेवा. फोनवर बोलणं केव्हा सुरक्षित असतं ते तिलाच विचारा, आणि कॉल करणाऱ्याने पहिला प्रश्न ‘आत्ता मोकळेपणी बोलता येईल का’ हाच विचारावा.

आणि बाळ गेलेलं असू शकतं. हे मी मुद्दाम वेगळं लिहिते आहे, कारण पहिल्या आवृत्तीत ही वाट जवळजवळ कुणीच ठेवत नाही. मृत बाळ जन्माला आलेल्या बाईला सहाव्या आठवड्यात ‘आता बाळ तुमच्याकडे बघून हसेल’ असा संदेश जाणं ही तांत्रिक त्रुटी म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही. तिला एका बटणात, कारण न देता, बाळाचे सगळे संदेश थांबवता आले पाहिजेत आणि स्वतःच्या शरीराची काळजी मात्र चालू राहिली पाहिजे: तिलाही दूध उतरतं, तिलाही ताप येतो, तिचाही रक्तदाब चढतो. दवाखान्याकडून कळायची सोय असेल तर बटण दाबायची वेळही तिच्यावर येऊ नये. अपुऱ्या दिवसांचं बाळ विशेष कक्षात असलेल्या आयांचीही अशीच अडचण होते. ‘बाळाला जवळ घ्या’ हे वाक्य त्यांना बोचतं.

चॅटबॉटबद्दल माझं मत फारसं लोकप्रिय नाही. पाचव्या दिवशी बाई लिहिते, ‘डोकं फार दुखतंय, डोळ्यांसमोर चमकतंय, झोपच नाही झाली’. चॅटबॉटमागचं भाषेचं मॉडेल यातली झोप पकडून विश्रांतीचा प्रेमळ सल्ला देऊ शकतं. प्रसूतितज्ज्ञ यात प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे रक्तदाब वाढून जिवावर बेतणारा आजार, ऐकते आणि तिला लगेच दवाखान्यात बोलावते. म्हणून मॉडेलच्या आधी एक साधी, कुणालाही वाचता येईल अशी नियमांची गाळणी हवी: तीव्र डोकेदुखी, छातीत दुखणं, श्वास लागणं, झटके, तासाभरात पॅड भिजवणारा रक्तस्राव, ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप, एकाच पायाला सूज आणि वेदना, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार. यातलं काही दिसलं की मॉडेल गप्प आणि माणूस पुढे. लोक हे वैद्यकीय शब्दांत लिहीत नाहीत, ‘अंगावरून फार जातंय’ असंच लिहितात, तेव्हा गाळणीतले शब्द खऱ्या आयांच्या बोलण्यातून गोळा करा. स्तनपान चालू असताना औषधं चालतात का, याची उत्तरं मॉडेलच्या आठवणीवर सोडू नका. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा ‘लॅक्टमेड’ हा माहितीसाठा त्याचसाठी आहे आणि फुकट आहे. आयांचा गट तर पहिल्या वर्षी नकोच. त्यावर लक्ष ठेवायला दिवसरात्र माणसं लागतात.

खासगीपणा. ग्राहकांचं हित पाहणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२१ मध्ये पाळीची नोंद ठेवणाऱ्या ‘फ्लो’ ॲपशी तडजोड केली. आरोप असा होता की खासगी ठेवू असं सांगून गरोदरपणाची माहिती फेसबुक, गूगल यांच्या विश्लेषण सेवांपर्यंत पोचत होती. २०२३ मध्ये ऑनलाइन समुपदेशन करणाऱ्या ‘बेटरहेल्प’ला अशाच कारणावरून ७८ लाख डॉलर द्यावे लागले. अशी गळती व्हायला हॅकर लागत नाही. मार्केटिंगसाठी सवयीने जोडलेली एखादी तयार कोडची लायब्ररी पुरते. म्हणून आरोग्याच्या पडद्यांवर जाहिरातीचं एकही साधन नको, आणि हे कोण तपासतं त्याचं नाव ठरलेलं असू दे.

कायद्याचं म्हणाल तर एक वाक्य लक्षात ठेवा: तुमचं सॉफ्टवेअर वैद्यकीय उपकरण ठरतं की नाही, हे बरंचसं तुम्ही त्याचा हेतू काय लिहिता यावर अवलंबून असतं. ‘माहिती देतो’ आणि ‘धोका ओळखतो’ यांत परवान्यांचा डोंगर आहे. युरोपात २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार निदान किंवा उपचाराचा निर्णय घ्यायला माहिती देणारं सॉफ्टवेअर सहसा उपकरणांच्या चढत्या धोक्याच्या वर्गांपैकी दुसऱ्या वर्गात किंवा त्याच्या वर जातं. वेबसाइटचा मजकूर मार्केटिंगवाल्याने परस्पर बदलू नये, एवढी शिस्त पहिल्या दिवसापासून पाळा.

पैसा. आई तुमची ग्राहक फार तर वर्षभर असते, आणि बरी झाली की जाणारच, जायलाच हवं. त्यामुळे महिन्याच्या वर्गणीचं गणित इथे जुळत नाही आणि प्रत्येक नवी आई शोधायचा खर्च पुन्हा पुन्हा येतो. पैसे देणारा दुसराच कुणीतरी असतो: रुग्णालय, विमा कंपनी, नोकरी देणारी संस्था किंवा सरकार. प्रत्येकाला वेगळा आकडा हवा असतो. रुग्णालयाला पुन्हा भरती होणं कमी व्हायला हवं आणि नर्सचे फोन वाचायला हवेत, विमा कंपनीला आपत्कालीन विभागातल्या फेऱ्या कमी हव्या, मालकाला ती कामावर परत यायला हवी. जर्मनीत २०२० पासून डॉक्टरने लिहून दिलेल्या, सरकारी यादीतल्या ॲपचे पैसे वैधानिक आरोग्य विमा देतो, पण फायदा सिद्ध करावा लागतो. मी तुमच्या जागी असते तर एका रुग्णालयाशी एका धोक्याचा करार केला असता, त्यांच्याच बाळंतिणींवर सहा महिने सेवा चालवली असती आणि तो आकडा घेऊन दुसऱ्याच्या दारी गेले असते.

एका प्रायोजकाकडून नक्की विचारणा येईल: बाळाच्या दुधाची पावडर बनवणाऱ्यांकडून. पैसे भरपूर असतात. नको म्हणा. आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनांच्या विक्रीवर १९८१ ची आंतरराष्ट्रीय संहिता आहे, आणि २०२५ च्या जागतिक आरोग्य सभेने डिजिटल जाहिरातींबद्दल वेगळा ठराव केला आहे. स्तनपान न जमणाऱ्या किंवा न करणाऱ्या आईला पावडरीबद्दल नीट, न लाजवता माहिती द्याच. ती माहिती पावडर विकणाऱ्याच्या पैशाने मात्र नको.

यश मोजताना रोज किती जणी ॲप उघडतात हे पाहू नका. बऱ्या झालेल्या बाईने ॲप न उघडणं चांगलं लक्षण आहे, आणि रोज पाच वेळा उघडणारी कदाचित घाबरलेली असेल. मोजायचं ते हे: किती इशाऱ्यांवर माणूस बोललं, किती मिनिटांत, आणि त्यातल्या किती बायका खरोखर डॉक्टरपर्यंत पोचल्या. शिवाय ज्यांनी उत्तरच दिलं नाही त्या कोण? गप्प असलेल्यांत सगळ्यात आजारी बायका असतात. तीन दिवस शांतता असेल तर फोन जायला हवा, आणि तो खर्चही अंदाजपत्रकात धरा.

शेवटचं म्हणजे कंपनी बंद पडली तर काय. ‘बॅबिलॉन हेल्थ’सारखी, ॲपवरून डॉक्टरांची सेवा देणारी आणि अब्जावधी डॉलरची किंमत लागलेली कंपनी २०२३ मध्ये कोसळली; लहान कंपन्या तर रोज मिटतात. पहिल्या करारातच लिहा की त्या दिवशी नोंदणी असलेल्या प्रत्येक बाईचे उरलेले आठवडे कोण सांभाळेल, तिच्या नोंदी तिला कशा मिळतील आणि कुणाकडे विकल्या जाणार नाहीत. तेवढ्या आठवड्यांच्या पगाराचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा आणि गुंतवणूकदाराला ते वापरता येणार नाहीत अशी अट घाला. पहिल्याच भेटीत ही अट मांडा. जो तिला हरकत घेईल त्याच्याशी पुढे बोलण्यात वेळ घालवू नका.